शूटिंगच्या रात्री किती लांब थांबायचे? रेडिएशन आणि कामगार : वाचकांचे प्रश्न

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तेव्हापासून सातारा-सांगलीच्या या पट्ट्याला ओतकामाची सवय आहे. नंतर साखर कारखाने आले, त्यांचे बॉयलर आले, कुपवाड, मिरज, साताऱ्याच्या एमआयडीसी उभ्या राहिल्या. कास्टिंग असो की वेल्डिंग, आतला दोष बाहेरून दिसत नाही. तो पाहायला गॅमा किरण किंवा एक्स-रे वापरतात. या कामाला रेडिओग्राफी म्हणतात, कामगारांच्या बोलीत ‘शूटिंग’. या कामाच्या आसपास वावरणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न नावे वगळून देत आहोत. उत्तरे रेडिएशन सुरक्षा आणि औद्योगिक आरोग्य या क्षेत्रांतल्या जाणकारांची आहेत.

प्रश्न : मी साखर कारखान्यात बॉयलर दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे हेल्पर आहे. ऑफ सीझनला रात्री वेल्डिंगच्या जोडांचे शूटिंग होते. तेव्हा आम्हाला ‘पत्र्यामागे जा’ एवढेच सांगतात. नक्की किती लांब जावे?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : पत्र्यामागे जाण्याचा काडीचाही उपयोग नाही. शेडचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा गॅमा किरणांना अडवत नाही. या कामात बहुधा इरिडियम-१९२ हा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा किरणोत्सारी पदार्थ, असतो. त्याचे किरण निम्म्यावर आणायला सुमारे १३ मिलिमीटर पोलाद किंवा ५ ते ६ मिलिमीटर शिसे लागते. नऊ इंची विटांची भिंत किरण साधारण दहा-पंधरा पटींनी कमी करते, तेव्हा आडोसा घ्यायचाच तर पक्क्या भिंतीचा घ्या. पण भिंतीच्या वरून हवेत विखुरलेले किरण येतातच, आणि तुम्ही वरच्या प्लॅटफॉर्मवर उभे असाल तर भिंत मध्ये येतच नाही. म्हणून पहिला भरवसा अंतराचा.

हिशेब असा. कॅमेऱ्यात, म्हणजे सोर्स बंद ठेवायच्या जड पेटीत, ३० क्युरीचा ताजा सोर्स आहे असे धरू (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचे एकक). तो उघडा असताना एक मीटरवर ताशी सुमारे १४५ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचे एकक) मात्रा मिळते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते, दहापट केले की शंभराव्या हिश्श्यावर. म्हणजे १० मीटरवर ताशी १.४५ मिलिसीव्हर्ट आणि ५० मीटरवर ताशी ०.०५८. दोन मिनिटांचा एक शॉट आणि रात्रीत पंधरा शॉट धरले, तर सोर्स एकूण अर्धा तास बाहेर राहतो. १० मीटरवर बिडी ओढत बसलेल्या माणसाला एका रात्रीत सुमारे ०.७२ मिलिसीव्हर्ट मिळाले. ज्याचे काम रेडिएशनचे नाही, त्याच्यासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. वर्षाचा तीन चतुर्थांश कोटा एका रात्रीत संपला. तोच माणूस ५० मीटरवर असता तर ०.०३ मिलिसीव्हर्टवर भागले असते.

हे आकडे कोलिमेटर न लावता काढलेले आहेत. टंगस्टनचा कोलिमेटर लावला की हव्या त्या दिशेचे किरण तेवढे मोकळे राहतात आणि बाकी बाजूंचे दहाएक पटींनी घटतात. मात्र सोर्स कॅमेऱ्यातून निघून गाइड ट्यूबमधून, म्हणजे त्याच्या वाटेच्या नळीतून, कोलिमेटरपर्यंत जाताना आणि परतताना काही सेकंद उघडाच असतो. शिवाय कोलिमेटरचे तोंड ज्या दिशेला, त्या दिशेचे अंतर कमी करता येत नाही. त्यामुळे ‘५० मीटर’ हा आकडा पाठ करून ठेवू नका. सोर्स किती क्युरीचा, शॉट किती, कोलिमेटर आहे का, यांवरून हद्दीची दोरी कुठे बांधायची हे प्रमाणित रेडिओग्राफरने काढायचे असते, आणि पहिल्या शॉटला दोरीपाशी किरण मोजणारा सर्व्हे मीटर धरून ते खरे ठरते का हे पाहायचे असते. इरिडियम ७४ दिवसांनी निम्मा होतो. जुन्या सोर्सला शॉट लांबतात, पण मीटरवरचा आकडा लहान दिसतो, एवढाच त्यात फरक.

हेल्परने विचारायचे प्रश्न चारच : सोर्स किती क्युरीचा, शॉट किती, सर्व्हे मीटर कुठे आहे, आणि आज आरएसओ, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, कोण आहे. मीटर दिसला नाही तर दोरीच्या आत पाऊल टाकू नका. ‘बॅटरी गेली आहे’ हे उत्तर चालत नाही. मीटर नसेल तर शूटिंग नाही.

प्रश्न : शॉट संपल्यावर केबल परत फिरवली की काम सुरक्षित झाले, असे समजावे का? एकदा आमच्याकडे सोर्स अडकला होता, असे ऐकले.
— एक वेल्डर, वाळवा तालुका

उत्तर : नाही. या क्षेत्रातले सर्वांत वाईट अपघात याच समजुतीतून झाले आहेत. कॅमेऱ्यात सोर्स एका लवचिक तारेच्या टोकाला असतो. तिला पिगटेल म्हणतात. क्रँकची, म्हणजे लांबून फिरवायच्या हँडलची, ड्राइव्ह केबल तिच्या मागच्या जोडात अडकवतात. जोड झिजला असेल किंवा नीट बसला नसेल, तर केबल परत येते आणि सोर्स गाइड ट्यूबमध्येच राहतो. क्रँक फिरवणाऱ्याच्या हाताला यात फारसा फरक जाणवत नाही. दुसरे कारण म्हणजे चेपलेली गाइड ट्यूब. बॉयलरच्या कामात वरून अँगल, क्लॅम्प पडतात. ट्यूब एका ठिकाणी दबली तरी सोर्स पुढे किंवा मागे सरकत नाही. तिसरे कारण धूळ आणि वेल्डिंगचा बारीक चुरा : तो कॅमेऱ्याच्या कुलपात गेला की सोर्स जागेवर बसल्याची खूण खोटी दिसते. म्हणून कामाआधी जोडाची झीज गो-नो-गो गेजने (चालेल की नाही एवढेच सांगणाऱ्या मापाने) तपासायची, ट्यूब हाताने चाचपायची आणि प्रत्येक शॉटनंतर मीटर घेऊन कॅमेऱ्याकडे जायचे. मीटर कॅमेऱ्याभोवती फिरवायचा, मग ट्यूबच्या लांबीने, मग टोकापाशी. कॅमेऱ्याच्या अगदी अंगाजवळ थोडे रीडिंग मिळणारच, बंद कॅमेऱ्याला पृष्ठभागावर ताशी २ मिलिसीव्हर्टपर्यंत आणि एक मीटरवर ०.०२ पर्यंत मुभा असते. ट्यूबजवळ आकडा वाढलेला दिसला तर सोर्स बाहेर आहे.

अशा वेळी हेल्पर-वेल्डरने एकच गोष्ट करायची : लांब जायचे आणि दुसऱ्यांना अडवायचे. ट्यूब हलवून, ठोकून, ओढून पाहणे नको. सोर्स सोडवणे हे आरएसओचे काम. त्यासाठी लांब दांड्याचा चिमटा, शिशाचे भांडे आणि शिशाच्या थैल्या वा पत्रे लागतात, आणि ही सामग्री कामाच्या जागी आधीपासून असायला हवी. ती मुंबईहून येईपर्यंत रात्र जाते.

जमिनीवर लहानशी चकचकीत पोलादी कांडी, तिला तारेचा तुकडा, असे काही सापडले तर हात लावू नका. १९९९ साली पेरूतल्या यानांगो जलविद्युत केंद्रात एका वेल्डरने अशीच ३७ क्युरीच्या इरिडियमची कांडी उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवली. ती काही तास तिथेच राहिली. त्याचा पाय कापावा लागला. आपल्या ३० क्युरीच्या हिशेबाने एक सेंटिमीटरवर मात्रा मिनिटाला सुमारे २४ ग्रे येते, म्हणजे सेकंदाला ०.४ (गॅमा किरणांसाठी एक ग्रे म्हणजे एक सीव्हर्ट, अर्थात १००० मिलिसीव्हर्ट, धरावा). खिशातली कांडी कातडीला याहूनही जवळ असते.

रेडिएशनने भाजल्याचे लक्षण लगेच दिसत नाही, हेच घोटाळ्याचे मूळ आहे. मात्रा मोठी असेल तर काही तासांत हलकी लाली येते आणि जाते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लाली, जळजळ आणि १५ ते २० ग्रेच्या पुढे पाण्याचे फोड येतात. डॉक्टरांना तो साधा भाजल्याचा किंवा त्वचारोगाचा प्रकार वाटतो. म्हणून दोन-तीन आठवडे मागे जाऊन ‘त्या काळात साइटवर शूटिंग होते का’ हे तुम्हीच सांगायला हवे. थोड्या अवधीत उलटी झाली असेल तर तेही वेळेसकट सांगा. उलटी साधारण १ ग्रेच्या पुढे सुरू होते आणि मात्रा जितकी मोठी तितकी लवकर होते.

प्रश्न : मी कुपवाडला एका रेडिओग्राफी युनिटमध्ये काम करतो. मागच्या तिमाहीत माझ्या बॅजवर १२ मिलिसीव्हर्ट आले आणि मला चौकशीचा फॉर्म भरायला दिला. ठेकेदार म्हणतो, यापुढे बॅज काढून काम कर. काय करावे?
— एक वाचक, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : बॅज काढून काम करू नका. ठेकेदाराला तुमची मात्रा कमी करायची नाही, फक्त कागदावरचा आकडा कमी करायचा आहे. टीएलडी बॅज, म्हणजे मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला, ही हिशेबाची वही आहे, ढाल नाही. तो किरण अडवत नाही, आणि त्याचा निकाल तिमाहीनंतर येतो. म्हणून कामाच्या वेळी खिशात आवाज करणारा डोसीमीटर आणि हातात मीटर लागतो.

मर्यादा अशी आहे : सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, म्हणजे पाच वर्षांत १००, आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक नाही. एका तिमाहीत १० च्या पुढे आकडा गेला की विचारणा होते. ती शिक्षा नाही. तुम्ही मर्यादा ओलांडलेली नाही, पण पुढच्या तीन तिमाह्यांत हात आखडता घ्यावा लागेल. त्या आधी आकडा खरा आहे का ते शोधा. बॅज कॅमेऱ्याच्या खोलीत खुंटीवर टांगलेला होता का? जॅकेट काढून कॅमेऱ्याजवळ ठेवले होते का? बॅज दुसऱ्याने वापरला का? असे झाले असेल तर फॉर्मवर तसेच लिहा, तारखेसकट. ‘माहीत नाही’ लिहिणे सर्वांत वाईट. मग सगळा आकडा तुमच्या नावावर चढतो. उलट खरोखर शॉट जास्त झाले असतील तर तेही लिहा, कारण पुढचे रोस्टर त्यावर ठरते.

बॅज छातीवर लावायचा, समोरची बाजू बाहेर. शिशाचा एप्रन घातला असेल तर एप्रनच्या आत. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, दोन गाळण्यांखाली आणि एक उघडी. त्यांच्या फरकावरून किरणांचा प्रकार कळतो. म्हणून बॅज वाकवणे, उघडणे, मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात टाकणे किंवा शर्टाबरोबर धुण्यात जाऊ देणे म्हणजे तिमाहीची नोंद खराब करणे. संस्थेचा कंट्रोल बॅज सोर्सपासून दूर, कार्यालयात ठेवायचा. तो कॅमेऱ्याच्या कपाटात ठेवला तर सगळ्यांचे आकडे खोटे कमी येतात, आणि हा प्रकार दिसतो त्याहून जास्त होतो. आणखी एक : हाताच्या बोटांना मिळालेली मात्रा छातीवरच्या बॅजला कळत नाही.

तुमच्या मात्रेची नोंद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नोकरी बदलताना ती सोबत न्या, कारण पाच वर्षांची बेरीज माणसाची असते, ठेकेदाराची नव्हे. ठेकेदाराकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असायलाच हवी. बॅज काढायला सांगणे ही गोष्ट त्या मंडळापर्यंत लेखी पोचवता येते.

प्रश्न : माझे पती रेडिओग्राफीत आहेत. घरी आल्यावर लहान मुलाला घेऊ द्यावे का? त्यांचे कपडे वेगळे धुते. पुढच्या मुलाला काही होईल अशी भीती वाटते.
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मुलाला खुशाल घेऊ द्या. कॅमेऱ्यातला सोर्स पोलादाच्या कुपीत बंद असतो. त्याचे किरण शरीरातून आरपार जातात आणि माणूस किंवा कपडे किरणोत्सारी होत नाहीत, जसे छातीचा एक्स-रे काढून आलेला माणूस होत नाही. कपडे वेगळे धुण्याचे कारण नाही, वेल्डिंगच्या धुळीचे सोडून.

पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर तात्पुरता परिणाम सुमारे ०.१५ ग्रे एवढी मात्रा एकदम मिळाली तर होतो. म्हणजे १५० मिलिग्रे. गॅमा किरणांसाठी तो १५० मिलिसीव्हर्टच मानावा. वर्षाच्या २० शी तुलना करा. त्यांची मात्रा मर्यादेत असेल तर त्यांच्या कामामुळे पुढच्या मुलाची भीती धरायला नको. भीती धरायची ती बॅज घरी विसरल्याची आणि मीटर नादुरुस्त असल्याची. स्वतः गर्भवती स्त्री हे काम करत असेल तर गोष्ट वेगळी. तिने लगेच व्यवस्थापनाला कळवावे, कारण गर्भासाठी मर्यादा फारच कडक असते.

कॅन्सरचा धोका किती हे आकड्यांत सांगणे बरे. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख १० हजार अणुउद्योग कामगारांचा एकत्रित अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर ग्रेमागे घन गाठींच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. त्या हिशेबाने २० मिलिग्रेने मूळ धोक्यात सुमारे एक टक्क्याची भर पडते. धोका शून्य नाही, म्हणून कमी करता येते तेवढे करायचे. पण त्याने रात्रीची झोप जाऊ नये.

प्रश्न : दर महिन्याला रक्त तपासतो, हिमोग्लोबिन चांगले आहे. गूळ आणि दूध घेतल्याने रेडिएशन उतरते का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : उतरत नाही. गूळ गोडीसाठी खावा. नेहमीच्या तपासणीतले रक्त म्हणजे सीबीसी, आणि ते ०.५ ग्रेखाली काही सांगत नाही. ठीक आले म्हणजे मात्रा कमी मिळाली असे नव्हे. मात्रा मोठी वाटत असेल तर गुणसूत्रांची तपासणी करतात, ती सुमारे ०.१ ग्रेपासून पुढचे पकडते. ती गावातल्या लॅबमध्ये होत नाही, आरएसओमार्फत पाठवावी लागते. डोळ्यांची तपासणी मात्र वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनी चुकवू नये, कारण मोतीबिंदूची मर्यादा पूर्वी समजत होते त्याहून खाली, सुमारे ०.५ ग्रे, धरली जाते. आयनीकारक किरणांमुळे होणारे आजार व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत आहेत, पण दावा करताना तुमच्या बाजूने बोलतील ती बॅजची नोंद आणि हजेरीची वही.

प्रश्न : आमची इंडक्शन फर्नेसची फाउंड्री आहे. स्क्रॅपमध्ये किरणोत्सारी वस्तू आली तर कसे कळणार?
— एक वाचक, पलूस

उत्तर : डोळ्यांनी कळत नाही, मीटरने कळते. लहान हातातला मीटर पुरेसा आहे, पण तो मायक्रोसीव्हर्टमध्ये दाखवणारा हवा. आधी मोकळ्या अंगणातले रीडिंग वहीत लिहा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा कमी किरणोत्सारी, त्यामुळे ते ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास किंवा थोडे खालीच येते. स्क्रॅपने भरलेला ट्रक जमिनीतून येणारे किरण अडवतो, म्हणून ट्रकजवळ आकडा अंगणापेक्षा थोडा कमी यायला हवा. तिथे तेवढाच आला तरी पुन्हा पाहा. दीडपट-दुप्पट आला तर थांबा. मीटर ट्रकभोवती अगदी सावकाश फिरवा. आतल्या पोलादाच्या आडोशाने सोर्स लपतो, म्हणून रिकामा करताना पुन्हा, आणि चार्ज बकेटजवळ तिसऱ्यांदा पाहा. चौथी तपासणी वितळल्यावर : स्पेक्ट्रोसाठी (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्रासाठी) ओतलेली चकती मीटरजवळ धरा.

कारण कोबाल्ट-६० आणि इरिडियम धातूतच राहतात, सीझियम-१३७ वाफेत उडून बॅग फिल्टरच्या धुळीत जाते आणि अमेरिसियम-२४१ स्लॅगमध्ये. म्हणून चकती, धूळ आणि स्लॅग तिन्ही पाहावी लागतात. २०१० साली दिल्लीतल्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या लिलावातून आलेले जुने कोबाल्टचे यंत्र फोडले गेले आणि एक माणूस दगावला. आपल्याकडे बंद पडलेल्या कारखान्यांच्या लिलावात आत सोर्स असलेले लेव्हल गेज, जाडी मोजणारे गेज निघण्याची शक्यता असते. आकारमानाच्या मानाने बेसुमार जड, तीन पाकळ्यांची किरणोत्साराची खूण असलेले किंवा ती खरवडून काढलेले डबे वेगळे काढा.

संशय आला तर ट्रक परत पाठवू नका. व्यापारी तो पुढच्या फाउंड्रीला देतो आणि वस्तू हरवते. मैदानाच्या टोकाला उभा करा, दोरी बांधा, दोरीपाशी रीडिंग ताशी १ मायक्रोसीव्हर्टच्या खाली असल्याचे पाहा, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष व अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा. आणखी एक, विचारले नसले तरी : फाउंड्रीत वाळूची सिलिका फुप्फुसांना रेडिएशनपेक्षा कितीतरी जास्त खाते. मीटर घेतला म्हणून मास्क विसरू नका.

प्रश्न : टिग वेल्डिंगच्या लाल पट्टीच्या इलेक्ट्रोडमध्ये रेडिएशन असते, हे खरे का? आणि एक्सआरएफ गनने धातू तपासताना नमुना हातात धरला तर?
— एक वाचक, सातारा एमआयडीसी

उत्तर : खरे आहे. लाल पट्टी म्हणजे सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड. खिशात ठेवल्याने किंवा वेल्डिंग करताना फारसे काही होत नाही. धोका टोक काढताना उडणाऱ्या धुळीत आहे, कारण थोरियम अल्फा कण सोडते आणि त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात गेली की तिथेच बसते. टोक काढताना धूळ ओढून घेणारा ग्राइंडर आणि मास्क वापरा, धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, जेवण दुसरीकडे. टोक इलेक्ट्रोडच्या लांबीच्या दिशेने घासा. आडवे घासले तर आर्क भरकटतो, आणि मग पुन्हा पुन्हा टोक काढावे लागते. सोपा मार्ग म्हणजे लँथेनमची सोनेरी किंवा निळी पट्टी, किंवा सीरियमची राखाडी पट्टी घेणे. बहुतेक कामांना तेवढ्याने भागते.

एक्सआरएफ गनमध्ये सोर्स नसतो, ४० ते ५० किलोव्होल्टची एक्स-रे नळी असते. ट्रिगर सोडला की किरण बंद. पण ट्रिगर दाबलेला असताना नळीपासून काही मिलिमीटरवर असलेल्या बोटांना मोठी मात्रा मिळते, आणि पातळ पत्र्यातून किरण पलीकडे जातात. नमुना टेबलावर किंवा स्टँडमध्ये ठेवा, बोटांत धरू नका, गनचे तोंड माणसाकडे किंवा मांडीकडे कधीच नाही.